शनिवारच्या बैठकीआधी, पोरांच्या गेमबद्दल

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण शनिवारच्या आत वाचा.

झालं असं. आपल्या मंडळातली पंधरा ते वीस वयाची बारा-तेरा पोरं गेल्या रविवारी कार्यकारिणीपुढे अर्ज घेऊन आली. अर्ज, तोही कागदावर, खाली सगळ्यांच्या सह्या. मागणी एवढीच, की गणपतीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ आम्हाला द्या, आम्ही व्हिडिओ गेमची स्पर्धा घेतो. मांडवात पडदा लावून फुटबॉलचा गेम, आणि जमलं तर मोबाइलवर चार-चार जणांच्या टीमचा बीजीएमआय. वर्गणीतून एक रुपया नको, असंही लिहिलं होतं.

अर्ज पुरता वाचलासुद्धा गेला नाही. एक ज्येष्ठ म्हणाले, "बाप्पापुढे जुगार चालणार नाही." दुसरे म्हणाले, "आधीच पोरं वाया गेलीत, आता मंडळानंच खतपाणी घालायचं का?" विषय संपला. पोरं पायऱ्यांवर चपला शोधत होती तोवर आत डीजेचे सव्वा लाख मंजूर झाले. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. ते मनाला लागून राहिलं म्हणून हे लिहितोय.

माझा संबंध आधीच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी काढणारच. होय, २००३ ते २०११ मी स्टँडजवळ नेट कॅफे चालवत होतो. आठ कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये, आणि संध्याकाळी पाचनंतर काउंटर स्ट्राइक आणि रोड रॅश. आज माझं झेरॉक्सचं दुकान आहे, गेममधून मला एक पैसा मिळत नाही. पण आठ वर्षं रोज तीन-चार तास मी पोरांना खेळताना पाठीमागून बघितलंय. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते दाराच्या फटीतून बघितलंय, तेही ओरडण्यापुरतं.

आधी जुगाराचं बघू, कारण सगळा घोटाळा तिथं आहे. रमीचं ॲप, पैसे लावून टीम बनवायचं ॲप आणि व्हिडिओ गेम या तीन गोष्टी आपण एकाच "गेम" शब्दात कोंबतो. रमीच्या ॲपवर लोकांची घरं बुडाली, कर्जं झाली, हे खरं आहे आणि मी त्याची वकिली करणार नाही. पण ती बुडालेली माणसं कोण होती? बहुतेक पगारदार, कर्ती, तिशी-चाळिशीतली. आणि त्या जाहिराती कोण करत होतं? मोठमोठे नट आणि क्रिकेटपटू, आयपीएलच्या प्रत्येक षटकानंतर. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मोबाइलवरच्या रमीवरून आपल्याच विधिमंडळात केवढा गदारोळ झाला ते आठवा. तिथं कुठला बारावीचा पोरगा नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स, म्हणजे पोरं ज्याची स्पर्धा मागतायत तो प्रकार, वेगळा काढून त्याला प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. दिल्लीला जो फरक कळला तो आपल्या कार्यकारिणीला कळायला हरकत नव्हती. बरं, मांडवामागं रात्री बारानंतर पत्त्यांचा डाव कोण मांडतं, हे इथं लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

दुसरा मुद्दा, पोरं वाया जातात. माझ्या कॅफेतली पोरं आज पस्तिशी-चाळिशीची आहेत, तुमच्याच घरातली आहेत, बघा ना. सगळी इंजिनिअर झाली असं खोटं सांगणार नाही. एक तलाठी आहे, एकाची रसवंती आहे, दोघं पुण्यात नोकरीला आहेत, एक फार वाईट दारूडा झाला, तो गेममुळे नव्हे. पण त्या आठ खुर्च्यांवर मी जे बघितलं ते गावात दुसरीकडं कुठं बघितलं नाही. डॉक्टरांचा मुलगा आणि नगरपालिकेच्या सफाई कामगाराचा मुलगा एका टीममध्ये. आणि टीमचा कॅप्टन दुसरा, कारण त्याला नकाशा पाठ होता आणि डोकं थंड होतं. डॉक्टरांचा मुलगा त्याचं ऐकायचा. शाळेत ही दोघं एका बाकावर बसली असती का?

आजच्या ऑनलाइन गेममध्ये ते आणखी पुढं गेलंय. आपल्याकडं नवीन माणूस भेटला की दुसरा प्रश्न काय असतो? "आडनाव काय?" तो का असतो हे आपल्याला कळतं, विचारणाऱ्यालाही कळतं आणि सांगणाऱ्यालाही. गेममध्ये पोरगा "वाघ_००७" असतो. आडनाव नाही, गल्ली नाही, बापाचा धंदा नाही. वेळेवर मदतीला येतो की नाही, एवढंच बघतात. शिवीगाळ होते का? होते, भरपूर होते, आणि मुलींना तर फारच घाण ऐकावं लागतं. माझी पुतणी मुलाच्या नावानं खेळते आणि माइक बंद ठेवते. हे वाईटच आहे. पण तिला विचारलं, मग खेळतेस कशाला? म्हणाली, "काका, सहानंतर मला घराबाहेर कुठं खेळायला जाता येतं ते सांगा." मी काय सांगणार होतो?

आता एक गोष्ट, त्या पोराच्या आईला विचारून लिहितोय, नाव लिहीत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्या गल्लीतल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. पोरगा दहावीत. शाळा बंद, परीक्षा रद्द, दहाव्याला चार माणसं. तो बोलायचाच बंद झाला. आईशी नाही, मामाशी नाही. आम्ही सगळे जाऊन "आता तूच घरातला मोठा" असं सांगून आलो. पंधरा वर्षांच्या पोराला. आपल्याला सांत्वन म्हणजे एवढंच येतं.

रात्री आठला मात्र तो हेडफोन लावून बसायचा. चार जणांची टीम. एक नांदेडचा, एक इचलकरंजीचा, एक बिहारमधला. आईला वाटायचं, बाप गेला आणि याला खेळ सुचतोय. एकदा तो सलग दोन दिवस खेळायला बसला नाही, तर तिसऱ्या दिवशी घरच्या नंबरवर फोन आला, इचलकरंजीच्या पोराचा. "काकू, तो ठीक आहे ना? जेवतोय ना?" त्या दिवशी वहिनींना कळलं, की त्यानं वडिलांचं सगळं त्या तिघांना सांगितलं होतं. हॉस्पिटलमधला शेवटचा फोनसुद्धा. आम्हा कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारायला गेलोच नव्हतो, सांगायला गेलो होतो. आज तो कॉलेजला आहे. रविवारच्या त्या अर्जावर त्याचीही सही होती.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी नेटफ्लिक्सवर पाहिली असेल, २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन नावाचा आजार. व्हीलचेअरवर बसून दिवसभर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचा. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना हळहळ हीच, की पोराला आयुष्यात मित्र मिळाला नाही, प्रेम मिळालं नाही. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं कळवलं, आणि युरोपभरातून निरोप यायला लागले. कुणाला त्यानं आईशी पुन्हा बोलायला लावलं होतं, कुणाचं मोडलेलं मन सावरलं होतं. अंत्यविधीला गेममधली माणसं वेगवेगळ्या देशांतून आली. आईवडील एकाच घरात राहत होते आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. माहितीपट बघितल्यावर मला आपल्या गल्लीतलं पोरगं आठवलं. नॉर्वेतही आईबाप दाराबाहेरच उभे होते.

"पण अभ्यास काय म्हणतो?" असं आपले सर लगेच विचारतील, म्हणून तेही लिहितो. या विषयातली अडचण अशी, की खेळणारी आणि न खेळणारी माणसं मुळातच वेगळी असतात. दुःखी माणूस जास्त खेळत असेल तर खेळामुळे दुःखी झाला की दुःखामुळे खेळतोय, हे ओळखायचं कसं? जपानमध्ये ते योगायोगानं जमलं. करोनाच्या काळात तिथं निन्टेन्डो स्विच आणि प्लेस्टेशन ५ चा एवढा तुटवडा होता, की दुकानदार चिठ्ठ्या टाकून विकायचे. म्हणजे कुणाच्या घरी गेम आला आणि कुणाच्या नाही, हे निव्वळ नशिबानं ठरलं. संशोधकांनी जवळजवळ एक लाख लोकांच्या माहितीवरून तुलना केली, २०२४ मध्ये ती नेचर ह्यूमन बिहेवियर या नियतकालिकात आली. ज्यांना गेम मिळाला त्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं दिसलं. मात्र दिवसाला तीन तासांच्या पुढं तो फायदा घसरत गेला, हेही त्यातच आहे, तेवढं कापून पोस्ट फिरवू नका.

ऑक्सफर्डच्या लोकांनी कंपन्यांकडून खऱ्या खेळाच्या वेळेच्या नोंदी घेऊन पाहिलं. पहिल्या अभ्यासात थोडा चांगला संबंध दिसला. नंतर २०२२ मध्ये जवळपास ३९ हजार खेळाडूंवर मोठा अभ्यास झाला, त्यात किती वेळ खेळलं यानं मन:स्थितीत सांगण्याजोगा फरक पडला नाही, ना चांगला ना वाईट. माझ्या बाजूचं नसलं तरी हे सांगितलं पाहिजे. पण "गेममुळे पिढी बरबाद" म्हणणाऱ्यांच्या बाजूचंही ते नाही.

मला मात्र सगळ्यात आवडते ती फोल्डइटची गोष्ट. प्रथिनाची घडी कशी असते हे कोड्यासारखं सोडवायचा गेम अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठानं काढला. माकडांमध्ये एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूच्या एन्झाइमची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ उलगडत नव्हती. २०११ मध्ये गेम खेळणाऱ्यांनी तीन आठवड्यांत त्याचा असा नमुना दिला, की त्यावरून शास्त्रज्ञांना रचना सोडवता आली. खेळणाऱ्यांत बरेच जण विज्ञान न शिकलेले. त्यांना सवय होती ती एकाच कोड्याला शंभर वेळा भिडायची, चुकलं की परत सुरू करायची.

ही सवय आपल्या पोरांना दुसरीकडं कुठं लागते सांगा. दहावीला एकदा घसरला की पाहुण्यांपुढं तोंड दाखवायची चोरी. स्पर्धा परीक्षेचा एक प्रयत्न गेला की गावात कुजबुज. गेममध्ये पोरगा एकाच टप्प्यावर तीस वेळा मरतो आणि एकतिसाव्यांदा वेगळ्या वाटेनं जातो. हसणारं कुणी नसतं, फी परत भरावी लागत नाही.

बरं, बुद्धिबळ मोबाइलवर खेळलं तर आपण कौतुक करतो. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्याच ग्रुपवर दोनशे मेसेज पडले, आणि पडायलाच हवेत. आजची सगळी बुद्धिबळपटू पोरं तासन्‌तास स्क्रीनवर सराव करतात. म्हणजे अडचण स्क्रीनची नाही, आपल्याला कळतो तो खेळ चांगला आणि न कळणारा वाईट, असं चाललंय.

आणि कृपा करून कुणी "यात करिअर आहे" म्हणून माझी बाजू घेऊ नका. आहे, थोड्यांना आहे. राजी नावाचा आपल्या पुराणकथांवरचा गेम पुण्यातल्या छोट्या कंपनीनं बनवला, २०२० मध्ये तो जगभर विकला गेला. तिथं चित्रकार लागतात, संगीतकार लागतात, लेखक लागतात. पण हजारात एखादा तिथं पोचतो, बाकीच्यांना खोटी स्वप्नं दाखवणारा मी कोण? आपण विटीदांडू खेळायचो तेव्हा बापानं त्यात करिअर विचारलं नव्हतं. खेळायला मिळणं एवढं कारण पुरत होतं.

आता दोष. ते लपवले तर शनिवारी माझं कोण ऐकेल? फुकट म्हणून दिलेले गेम फुकट नसतात. हिरे घ्या, कपडे घ्या, नशिबाची पेटी उघडा, असं करत पोरांच्या मागं लागतात. आपल्या गावात आईच्या खात्यातून पैसे गेल्याची प्रकरणं झालीत, एक माझ्या दुकानात बसून मी निस्तरलंय. हे पेटीचं प्रकरण जुगाराच्याच घरातलं आहे आणि त्यावर सरकारनं आणखी कडक व्हावं, असं माझं मत आहे. तोवर मोबाइलला यूपीआय जोडलेला पोराच्या हातात देऊ नका, एवढं तरी करा. दुसरं, व्यसन. काहींना ते लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला आजाराच्या यादीत घेतलंय, पण त्यांची अट वाचा: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागं पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालू असतं. चार दिवस सुट्टीत रात्री एकपर्यंत जागला म्हणून पोरगा आजारी होत नाही. खरंच तसं वाटलं तर डॉक्टरांकडं जा. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून त्यासाठी खास दवाखाना आहे. बुवाकडं जाऊ नका.

बंदीनं काय होतं तेही आपण पाहिलंय. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना अटक केली. कॉलेजची पोरं, मोबाइलवर खेळली म्हणून पोलीस ठाण्यात. पुढं २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन पबजी बंदच केला. दुसऱ्या दिवशी आपली पोरं मैदानात उतरली का? फ्री फायरवर गेली.

त्यापेक्षा मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव पटतं. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्यांचे टीव्ही-मोबाइल बंद. सगळ्यांचे, आजीच्या मालिकेसकट. त्याच वर्षी पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं ठराव केला तो फक्त १८ वर्षांखालच्यांना मोबाइल बंदीचा. हेतू दोघांचा चांगलाच. पण पहिल्या गावात मोठ्यांनी स्वतःलाही नियम लावला. आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत परवा मी मोजलं, अकरापैकी सात जण रील बघत होते. रील बघायला अंगठा सोडून काही लागत नाही. गेमला निदान डोकं आणि तीन साथीदार लागतात.

"मैदानावर जा" हे वाक्य तर कुणी बोलूच नका. कुठल्या मैदानावर? शाळेच्या मैदानाला सहाला कुलूप. नदीकाठच्या जागेवर मंगल कार्यालयाचं पार्किंग. वाड्यामागच्या मोकळ्या जागेत आपण चौघांनीच प्लॉट घेतले, त्यात माझाही अर्धा गुंठा आहे. आपण पोरांची जागा खाल्ली. त्यांनी मोबाइलमध्ये दुसरी शोधली, तर तीही आपल्याला खुपते.

तर शनिवारी मी हे मांडणार आहे. एक संध्याकाळ, सहा ते नऊ, आरतीच्या वेळेला पंधरा मिनिटं बंद. फक्त फुटबॉलचा गेम, दोघा-दोघांच्या जोड्या. बंदुकीचा गेम यंदा नको, मी पोरांशी बोललोय, कुरकुरत का होईना, कबूल झाली. प्रवेश फी नाही, रोख बक्षीस नाही, करंडक. मुलींच्या जोड्यांना आधी नाव नोंदवायची मुभा. आणि एक अट पोरांनी स्वतः घातलीय, मला ती फार आवडली: प्रत्येकानं घरातल्या एका चाळिशीपुढच्या माणसाला जोडीदार म्हणून आणायचं. अण्णांनी त्यांच्या नातवाबरोबर खेळावं अशी माझी जाहीर विनंती आहे. जुगार म्हणणारे तेच होते, आणि कॅरममध्ये आजही त्यांना कुणी हरवत नाही.

बैठक रात्री साडेआठला, मारुतीच्या देवळात. ज्यांना विरोध करायचाय त्यांनीही या, फक्त या वेळी अर्ज पुरता वाचू. पोरांना बाहेर पायऱ्यांवर बसवायचं नाही, ती आत बसतील. पडदा आणि एक्स्टेंशन बोर्ड माझ्या दुकानातून मिळेल. प्रोजेक्टर कुणाकडं असेल तर कमेंटमध्ये सांगा, शाळेचा बंद पडलाय.